आइसलँड : रेक्यादालूरच्या वाटेवर घोड्यावरून एक दिवस

ओसरी

नमस्कार मंडळी,

गेल्या ऑगस्टच्या शेवटी आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि चौदा वर्षांची लेक, आइसलँडला जाऊन आलो. धबधबे, हिमनद्या, काळ्या वाळूचे किनारे यांवर इथे आधीच खूप लिहून झालंय. मला एकाच दिवसाबद्दल लिहायचंय, कारण त्या दिवसाने माझ्या मनातली तीस वर्षांची एक गाठ सोडवली.

दहा वर्षांची असताना आपल्याकडच्याच एका थंड हवेच्या ठिकाणी मी घोड्यावरून पडले. तंग, म्हणजे खोगीर आवळायचा पोटाखालचा पट्टा, सैल होता. घोडेवाल्याने घोडं जरा पळावं म्हणून मागून काठी मारली, ते उधळलं, खोगीर एका अंगाला फिरलं आणि मी खडीवर. डावा हात कोपरात मोडला. त्यानंतर घोडा दिसला की मी रस्त्याची बाजू बदलायचे. लेकीला मात्र लहानपणापासून घोड्यांचं वेड. आइसलँडचं ठरल्यावर तिने एकच मागणं मागितलं, आणि 'आईसुद्धा बसणार' हेही तिनेच ठरवून टाकलं.

क्वेरागेर्दी हे रेक्याविकपासून साधारण ४५ किलोमीटरवरचं छोटं गाव. जमिनीतून जागोजागी वाफ येते आणि त्या उष्णतेवर काचघरांत टोमॅटो, काकड्या पिकवतात. गावामागे हेंगिल हा ज्वालामुखी डोंगर. त्याच्या कुशीत रेक्यादालूर, म्हणजे वाफांची दरी. तिथल्या ओढ्यात गरम झरे मिसळतात, त्यामुळे ओढ्याचं पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं ऊन असतं. गावातून लोक चालत जातात, तासभराची चढण आहे. आम्ही खालच्या सपाटीवरच्या एका घोड्यांच्या फार्मवरून निघालो. सकाळी निघून दुपार टळताना परत, मध्ये ओढ्यात डुंबायला वेळ.

पोचल्यावर घोडा दाखवण्याआधी त्यांनी आम्हाला खूप प्रश्न विचारले. आधी कधी बसलात का, किती वेळा, वजन किती, गुडघे-कंबर कशी आहे, भीती वाटते का. शेवटचा प्रश्न विचारताना आमची गाईड (जर्मनीहून उन्हाळ्यापुरती कामाला आलेली, पंचविशीची मुलगी) माझ्याकडे बघत होती. मी सगळं सांगितलं, हात मोडल्याचंही. ती काही बोलली नाही. आत गेली आणि मला द्यायचं ठरलेला घोडा बदलून आली.

नवा घोडा होता स्क्योनी. पांढऱ्यावर तांबूस ठिपके, कपाळावरची झुलपं डोळ्यांवर आलेली. उंची माझ्या खांद्याएवढी. आइसलँडचे घोडे १३-१४ 'हँड' (घोड्याची उंची मोजायचं चार इंचांचं माप), म्हणजे १३२ ते १४२ सेंटिमीटरच्या आसपास असतात. दिसायला तट्टू, पण तिथे कुणी त्यांना तट्टू म्हणत नाही, ते 'हेस्तुर' म्हणजे घोडाच म्हणतात. गाईडने मला आधी स्क्योनीच्या शेजारी नुसतं उभं केलं. मग माझा हात धरून तंगाखाली दोन बोटं घालायला लावली. 'घट्ट आहे ना? आता बस. दहा मिनिटांनी मी परत बघेन.' आणि खरंच दहा मिनिटांनी सगळ्यांना थांबवून, खाली उतरून, तिने प्रत्येकाचा तंग पुन्हा आवळला. चालायला लागल्यावर घोड्याचं पोट आत जातं आणि तंग सैल पडतो, म्हणाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी एवढंच करायला हवं होतं.

आधी रिंगणात दोन फेऱ्या. रिकिबीत फक्त चवडा ठेवायचा, पूर्ण पाऊल घालायचं नाही, म्हणजे पडलंच तर पाय अडकत नाही. टाच खाली. लगाम ओढून धरायचा नाही, घोड्याचं तोंड जाणवेल इतकाच हातात. मग एका रांगेत बाहेर. पहिला तासभर गवताळ सपाटी, दोन ओढे, मग चढण. पाऊस आडवा येत होता, फार्मने दिलेले नारिंगी रेनकोट होते म्हणून निभावलं. चढावर गाईड ओरडून सांगत होती, पुढे झुका आणि आयाळ धरा, त्याला दुखत नाही. एका घसरड्या उतारावर तिने सगळ्यांना उतरवलं आणि घोडे हाताने धरून चालवले. 'त्यांनी आपल्याला इतकं वर आणलं, आता त्यांच्या पाठीला जरा मोकळीक,' असं म्हणाली.

वाटेत डाव्या हाताला चिखल रटरटत होता, गंधकाचा वास, वाफेत पुढचा घोडाही दिसेना. मला वाटलं, आता हा बिचकणार. स्क्योनीने नुसते कान पुढे केले, एकदा फुरफुरला आणि वाफेतून चालत राहिला.

परतीच्या सपाटीवर गाईडने विचारलं, थोडं जोरात जायचं का? ज्यांना नको त्यांच्यासोबत दुसरी गाईड थांबणार होती. मी हो म्हणाले, का ते अजून कळत नाही. आणि मग जे झालं ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही. वेग वाढला, वारा कानांत भरला, पण मी खोगिरावर उसळत नव्हते. अजिबातच नाही. पायघडीवरून कुणी ओढत न्यावं तशी मी पुढे सरकत होते. खालून खुरांचा आवाज येत होता, पत्र्यावर पाऊस पडावा तसा एकसारखा, मध्ये खंड नसलेला. या चालीला 'टोल्ट' म्हणतात. लेक मागून हसत, ओरडत येत होती.

ज्यांना जायचंय त्यांनी विचारा, माहीत असेल ते सांगते. आणि ती चाल नेमकी काय असते हे कुणाला ठाऊक असेल तर मलाही सांगा.

पाऊलवाट

ओसरी, फार मनापासून लिहिलंय. तंगाचं वाचताना माझाही घसा दाटला. माझ्या धाकट्या भावाला असंच पडल्याचं आठवतं, त्याने पुन्हा कधी पाय लावला नाही.

एक शंका. मी शिकताना घोडा चालीतून दुडकीत गेला की फार हाल होत. उठ-बस, उठ-बस करायची, नाहीतर पाठीचे मणके खिळखिळे. टोल्टमध्ये ते का होत नाही?

तापीकाठ

ओसरीताई, तुमचा 'पत्र्यावरचा पाऊस' वाचून मी उठून बसलो. ही तर आमची रवाल! कुणी रेवाल म्हणतं.

मी शहादा तालुक्यातला. आमच्याकडे सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, देशभरातून माल येतो. माझे वडील दरवर्षी जायचे. भाव ठरतो तो रंगावर, उंचीवर, खोडींवर आणि चालीवर. वडील घोडी घेताना ती किती पळते हे बघतच नसत. स्वतः बसायचे, एका हातात काठोकाठ भरलेला तांब्या घ्यायचे आणि रवालीने मैदानाला एक फेरी. तांब्यातलं पाणी हिंदकळलं की घोडी परत. नाही हिंदकळलं की मग बोलणी.

पाऊलवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पायांच्या क्रमात आहे. दुडकीत तिरके पाय जोडीने पडतात, पुढचा डावा आणि मागचा उजवा एकदम, मग दुसरी जोडी. दोन जोड्यांच्या मध्ये क्षणभर चारही पाय हवेत. घोडा खाली येतो तेव्हा तुम्ही वर असता, तिथे आपट बसते. रवालीत चारही पाय सुटे पडतात : मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा. एक ना एक पाय कायम जमिनीवर असतो. पाठ वर-खाली होतच नाही. लांबच्या वाटेला सगळ्यांना अशीच घोडी हवी असायची. दिवसभर बसा, अंग दुखत नाही.

आइसलँडमध्ये हीच चाल आहे हे मला माहीत नव्हतं. वडील असते तर त्यांना हा धागा वाचून दाखवला असता.

ओसरी

तापीकाठ दादा, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. लेकीने तिकडे काढलेला व्हिडिओ लगेच सावकाश लावला आणि आम्ही दोघींनी पाय मोजले. अगदी तुम्ही लिहिलंय तोच क्रम. मागचा डावा, पुढचा डावा, मागचा उजवा, पुढचा उजवा.

आणि तांब्याची गोष्ट! तिकडेही तंतोतंत तेच करतात. काठोकाठ भरलेला बिअरचा मग हातात घेऊन टोल्टमध्ये घोडा चालवायचा आणि थेंब सांडू द्यायचा नाही. फार्मवर त्याचा फोटो भिंतीवर लावलेला होता. जेवताना गाईडने सांगितलं होतं, पण मी ते तेव्हा खेळ म्हणून ऐकलं.

अजून एक विचारायचंय. स्क्योनी म्हणजे तिकडच्या भाषेत ठिपक्या-ठिपक्यांच्या अंगाचा. बरीच नावं अशी रंगावरूनच ठेवतात. लेकीच्या घोडीचं नाव स्त्यार्ना, म्हणजे तारा, कारण कपाळावर पांढरा ठिपका. आपल्याकडेही असे रंगांचे शब्द आहेत ना?

तापीकाठ

भरपूर आहेत. तुमचा स्क्योनी म्हणजे अबलख. तांबूस-तपकिरी अंग आणि काळी आयाळ-शेपटी असेल तर कुमैत. करडा-पांढरा तो सब्जा. चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलं की पंचकल्याणी, तो शुभ मानतात. बाजारात गेलात तर 'तपकिरी घोडा दाखवा' असं कुणी म्हणणार नाही.

उत्तरेकडची

धागा आजच पाहिला. मी जर्मनीत राहते आणि सात वर्षांपासून आइसलँडच्या घोड्यांवरच शिकतेय. आइसलँडबाहेर हे घोडे सगळ्यांत जास्त जर्मनीतच आहेत, म्हणून ओसरीला जर्मन गाईड भेटली यात नवल नाही. आमच्या तबेल्यातल्या निम्म्या मुली एकदा तरी आइसलँडला उन्हाळा काढून येतात.

चालीबद्दल थोडी भर. २०१२ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने एक शोध प्रसिद्ध झाला. डीएमआरटी३ नावाच्या एका जनुकातल्या बदलामुळे पाठीच्या कण्यातली पाय हलवण्याची यंत्रणा बदलते, आणि त्यामुळे घोड्याला या वेगळ्या चाली जमतात. आइसलँडच्या घोड्यांना चाल, दुडकी आणि चौखूर यांशिवाय टोल्ट येते. काहींना पाचवी, 'स्केइद', म्हणजे एका अंगाचे दोन्ही पाय एकदम टाकत भरधाव जाणं. ती पर्यटकांसाठी नसते, कसलेले स्वारच थोड्या अंतरापुरती करतात.

दुसरी गोष्ट, जी प्रत्येक जाणाऱ्याने वाचावी. आइसलँडमध्ये हजारेक वर्षांपासून बाहेरचा घोडा आलेला नाही. एकही नाही. आणि तिथून बाहेर गेलेला घोडा परत येऊ शकत नाही, मग तो देशाचा सर्वोत्तम घोडा का असेना. जागतिक स्पर्धेला युरोपात घोडे जातात, तेव्हा स्वाराला माहीत असतं की हा आपला सोबतचा शेवटचा प्रवास आहे. स्पर्धा संपल्यावर घोडा तिकडेच विकून माणूस एकटा घरी परततो. मी एका स्पर्धेनंतर असा निरोप बघितलाय. एक उंच, पन्नाशीचा माणूस घोड्याच्या मानेत तोंड खुपसून कितीतरी वेळ उभा होता.

बाहेरच्या घोड्यांचे रोग या घोड्यांनी पाहिलेलेच नाहीत, म्हणून हा नियम. २०१० मध्ये खोकल्याची साथ शिरली आणि देशभर पसरली, तेव्हा त्यांचा सगळ्यांत मोठा घोड्यांचा मेळावा, लान्द्समोत, वर्षभर पुढे ढकलावा लागला. त्यामुळे वापरलेलं खोगीर, लगाम, चामड्याचे हातमोजे तिकडे न्यायला बंदी आहे. स्वारीचे वापरलेले कपडे आणि बूट न्यायचे तर धुऊन, निर्जंतुक करून. कुणी इथे रायडिंग क्लबला जात असेल तर कृपा करून ते हातमोजे बॅगेत टाकू नका.

पाऊलवाट

हे अजिबात माहीत नव्हतं. मी माझे जुने हातमोजे नक्की नेले असते. आभार.

सडेतोड

सगळं वाचलं. पण एक बाजू कुणीच मांडत नाहीये. हौशी पर्यटकांना पाठीवर घेऊन दिवसभर डोंगर चढणं घोड्याला आवडतं का? शिवाय त्याच देशात घोड्याचं मांस खातात, आणि गाभण घोड्यांचं रक्त काढून त्यातून डुकरांच्या पैदाशीसाठी संप्रेरक बनवतात. त्यावर तिकडे आणि युरोपात मोठा वाद झालाय. हे माहीत असून आपण कौतुक करावं का?

उत्तरेकडची

सडेतोड, रक्ताचा मुद्दा खरा आहे आणि गंभीर आहे. मला स्वतःला ते थांबायला हवं असं ठामपणे वाटतं. तिकडच्या कित्येक घोडेमालकांनाही वाटतं. मांसाचं म्हणाल तर ते जुनं आहे. साधारण इ.स. १००० मध्ये त्या देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घोड्याचं मांस खाण्याची सूट काही काळ राखून ठेवली होती. उपाशी हिवाळ्यांचा देश आहे तो. १७८३ मध्ये लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला, गवतावर विषारी राख बसली आणि देशातले निम्म्याहून कितीतरी जास्त घोडे मेले. त्यांच्या मागोमाग माणसंही. अशा ठिकाणी माणूस आणि घोडा एकमेकांवर जगलेत.

पर्यटकांच्या स्वारीचं मात्र प्रत्येक फार्म बघून ठरवावं लागतं.

ओसरी

सडेतोड, तुमचा प्रश्न मी जाण्याआधी स्वतःलाच विचारला होता, कारण माझं ते उधळलेलं घोडंही काठीच्या धाकानेच पळालं होतं. त्याची चूक नव्हती, हे मला आता कळतं. त्याच्या पाठीवर जखम होती, तीही आठवते.

म्हणून मी फार्म निवडताना काय बघितलं ते लिहिते. वजनाची मर्यादा सांगतात का? (बऱ्याच ठिकाणी ती १०० ते ११० किलोच्या दरम्यान असते. जे विचारतच नाहीत तिथे मी गेले नसते.) एक घोडा दिवसातून किती वेळा बाहेर जातो? कितव्या वर्षी कामाला लावतात? हे घोडे सावकाश वाढतात, चांगले लोक चौथ्या-पाचव्या वर्षाआधी त्यांच्यावर बसत नाहीत. मी तीन फार्मना पत्रं लिहिली. एकाने नुसतं दरपत्रक पाठवलं. एकाकडून उत्तरच नाही. तिसऱ्याने तिन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिली आणि उलट आमची वजनं विचारली. तिथेच गेलो.

आणि वर एक सांगायचं राहिलं. परत आल्यावर खोगीर आम्हीच उतरवायचं होतं. खाली पाठ घामाने ओली, केस चिकटलेले. गाईडने प्रत्येक घोड्याच्या पाठीवरून, तंगाच्या जागेवरून हात फिरवला, कुठे सोललंय का, गरम लागतंय का बघत. मग चारही खूर उचलून पाहिले, एकात अडकलेला खडा टोकदार हुकाने काढला. लगाम काढल्याबरोबर स्क्योनी चार पावलं गेला, गुडघे मोडून खाली बसला आणि ओल्या गवतात चारही पाय वर करून लोळला. मग उठून, अंग झाडून, मागे न बघता कळपात निघून गेला. उद्या त्याला सुट्टी, असं फळ्यावर लिहिलेलं होतं.

सडेतोड

हे उत्तर पटलं. ते तीन प्रश्न मी लिहून ठेवतोय, आपल्याकडच्या घोडेवाल्यांनाही विचारायला हवेत.

निळीछत्री

ओसरीताई, आम्ही पुढच्या जूनमध्ये जातोय. सोबत सासूबाई, वय ६४, गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा. आणि मुलगा ९ वर्षांचा. दिवसभराचं घ्यावं का? कपडे काय घालायचे?

ओसरी

निळीछत्री, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पण दिवसभराचं घेऊ नका. गुडघ्यांना त्रास बसण्याने होतो त्याहून जास्त सारखं वाकवून ठेवण्याने आणि उतरताना होतो. तासाभराची सपाटीवरची स्वारी असते, ती घ्या. चढायला उंच पायरी मागा, सगळ्यांकडे असते. उतरताना गाईडला शेजारी उभं राहायला सांगा, आणि गुडघ्यांचं आधी नक्की सांगा, लपवू नका. मुलाचं किमान वय फार्मप्रमाणे बदलतं, ते पत्रातच विचारा.

जीन्स नको. आतल्या शिवणीने मांड्या सोलतात, माझ्या नवऱ्याला दोन दिवस जिना उतरणं कठीण झालं. लेगिंग आणि वरून फार्मचा रेनकोट. आत लोकरीचं काहीतरी, जूनमध्येसुद्धा. पाठीवर सॅक नको, मोबाइल चेनच्या खिशात. हेल्मेट तेच देतात आणि ते घातल्याशिवाय बसूच देत नाहीत. रेक्यादालूरला जाणार असाल तर आंघोळीचे कपडे आतूनच घाला, कपडे बदलायला तिथे फक्त लाकडी आडोसे आहेत आणि वारा बोचतो. प्रवास विम्यात घोडेस्वारी धरली आहे का ते बघून घ्या, आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हती, ती बदलावी लागली.

तापीकाठ

निळीछत्री, मुलाला आधी इथेच कुठेतरी चांगल्या माणसाकडे चार दिवस बसवा. पळवायला नको, घोड्याला खरारा करायला, चारा घालायला, तंग आवळायला शिकवा. मग तिकडे त्याला भीती वाटणार नाही.

ओसरीताई, या दत्तजयंतीला लेकीला घेऊन सारंगखेड्याला या. रवाल आपल्या मैदानावरही बघा. तांब्या मी आणतो, वडिलांचाच आहे.

ओसरी

दादा, येतो. लेकीने कॅलेंडरवर खूणही केली.